मुठीचा भात

सव्वीस वर्षं मी सिंदेवाहीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात भात शिजवला. वरण, भाजी, कधी भाकरीसोबत अंबाडीची भाजी, हेही केलं. पण लोकांनी नावं ठेवली ती भाताला, आणि मान दिला तोही भातामुळेच. म्हणून भाताचंच लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नातसुनेनं काना-मात्रा सुधारल्या आहेत, बाकी मजकूर माझा.

हे लिहायला लावलं करुणानं. ती आमच्या वसतिगृहात शिकली आणि आता नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवते. मागच्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिनं मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सांगितलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथं दक्षिणेत गोऱ्यांच्या मुलांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. काळ्यांना मिळायचं ते मोडकं बाक आणि गोऱ्यांनी वापरून टाकलेली पुस्तकं. मग त्यांच्या गावांनी स्वतःच शाळा उभ्या केल्या. कोणी लाकूड दिलं, कोणी अंगमेहनत दिली, बायकांनी कोंबड्या आणि अंडी विकून भर घातली. दिवसभर गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करायची आणि संध्याकाळी आपल्या शाळेसाठी पुन्हा राबायचं.

मी विचारलं, "मंग त्या पोरायले जेवाले कोण घाले?"

करुणा म्हणाली, "माय, हे तू विचारशील म्हणूनच तुले सांगून राह्यली. तुझं तू लिही. त्यायचं लिहिणारे लई हायेत."

तर आमचं असं होतं. खेड्यातल्या मुलींना सातवीनंतर शिकायचं तर तालुक्याला यावं लागे, आणि तालुक्याला आमच्या वस्तीच्या मुलींना खोली कोणी देत नसे. तोंडावर कोणी जात काढायचं नाही. खोली नुकतीच दुसऱ्याला दिली, एवढंच सांगायचे. तीच खोली दिवाळीपर्यंत कुलूप लावलेली दिसायची. मेश्राम गुरुजी म्हणून आमच्यातले एक प्राथमिक शाळेचे मास्तर होते. दोन वर्षं मुलींना घेऊन ते दारोदार फिरले आणि मग म्हणाले, आपणच बांधू. आजूबाजूच्या चार वस्त्यांनी विटा पाडल्या, बांबू आणला, वर कवेलू चढवले. एक लांब खोली, एक पडवी आणि स्वयंपाकाचं छप्पर. सुरुवातीला आमच्या बौद्ध घरच्याच मुली होत्या. पुढं मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या आल्या आणि जंगलातल्या गोंड-माडियांच्याही आल्या. त्यांनाही खोली मिळत नव्हती.

घर झालं, पण रोज खायचं काय? त्यासाठी मूठ निघाली. घरची बाई भाताला तांदूळ मोजून घेते, तो धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. घरात एका माणसाला घासभर कमी पडतं, कळतही नाही. दर रविवारी मी दोन मोठ्या मुलींना घेऊन वस्त्या फिरायची आणि मडकी रिकामी करून आणायची. देणारीला वाटायचं नाही की दान केलं, आणि आणणारीला वाटायचं नाही की भीक मागितली. मी तेव्हा तिशीतली विधवा होते, अंगात जोर होता. गुरुजींनी विचारलं, शिजवशील का, मी हो म्हटलं.

आता यातली अडचण जिनं चाळीस माणसांचा भात केला नाही तिला समजणार नाही. चाळीस घरांचा तांदूळ चाळीस तऱ्हेचा असतो. एकीचा जुना, एकीचा या मोसमातला नवा, एकीचा जाड, एकीचा बारीक, एकीचा उकडा, आणि जिच्या घरचा सरत आला तिची नुसती कणी. हे सगळं एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, घालून चुलीवर चढवलं की नवा तांदूळ गाळ होतो, जुना कच्चा राहतो आणि कणी बुडाला लागते. पहिल्या वर्षी मला हे जमत नव्हतं. अनुदानाच्या तपासणीला एक साहेब आले. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "बाई, भात कच्चा आहे."

मी म्हटलं, "साहेब, अर्धा कच्चा हाय, अर्धा गाळ हाय. तुमी मधला खा."

साहेब हसले. अनुदान काही मिळालं नाही, पण त्याचा माझ्या बोलण्याशी संबंध नव्हता असं गुरुजी म्हणाले.

मग मी शिकले. तांदळाचा दाणा दाताखाली धरला की कळतं. कट्कन तुटला तर जुना, पीठ झालं तर नवा. मडकं रिकामं करतानाच चावून पाहायचं आणि वेगवेगळ्या पिशवीत घालायचं. शिजवताना जुना आधी भिजवून आधणात सोडायचा, त्याला एक उकळी आली की जाडा, आणि नवा अगदी शेवटी. कणीची सकाळी पेज करायची. पुढं पुढं तर दाणा चावून मी घर ओळखू लागले. कोणाकडे कणी आली म्हणजे घरात टंचाई आहे, कोणाकडे अचानक बारीक तांदूळ आला म्हणजे पाहुणे येऊन गेले. आषाढात काही मडकी रिकामी असायची. त्या घरच्या बायका मडक्यात मोहफुलं घालून ठेवायच्या, नाहीतर भोपळ्याची फोड. रिकामं मडकं कोणी पुढं केलं नाही.

मी हे अकरा वर्षं केलं. मग माझ्या हातून चूक झाली.

गावात भाताची गिरणी असलेले एक शेठ होते. त्यांनी गुरुजींना निरोप दिला की वसतिगृहाला लागेल तेवढा तांदूळ आम्ही देऊ. सगळा एकसारखा, पॉलिश केलेला, पोत्यानं. बदल्यात काही नको. गुरुजींचं मन नव्हतं. ते म्हणाले, "घ्यायचा तर घेऊ, पण मूठ चालू राहू द्या. थोडी का होईना."

मी म्हटलं, "गुरुजी, तुमाले चावून पाहावं लागत नाई. माझे दात हालून राह्यले, पाय सुजतात. चार वस्त्या पायी फिरून पाहा एक रविवार."

गुरुजी माझ्यापुढं फार बोलत नसत. मूठ बंद झाली. ते सांगायला मीच घरोघर गेले, आणि खरं लिहायचं तर तोऱ्यात गेले. आता तुमच्या कणीची गरज नाही, असं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर तेच असेल. पिपरटोल्याच्या तान्हाकाकीनं ऐकून घेतलं. ही बाई वस्तीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत तिखट. ती फक्त म्हणाली, "बरं वं," आणि मुठीचं मडकं उचलून आंगणात पालथं घातलं.

दोन वर्षं मी शेठच्या तांदळाचा भात केला. काम अर्ध्यावर आलं. भात मोगऱ्यासारखा व्हायचा. पण वस्तीच्या बायका येईनाशा झाल्या. आधी बाजाराला आल्या की डोकावायच्या, मुलींना विचारायच्या, एखादीच्या केसात तेल घालून जायच्या. आता रस्त्यानं सरळ निघून जायच्या. बाजारात लोक 'शेठचं वसतिगृह' म्हणू लागले. मला ते ऐकू येत होतं. मी कानाआड केलं.

त्या वर्षी दहावीला आमच्या पाच मुली होत्या. त्यातली एक सोमी, एटापल्लीकडची माडिया मुलगी. तिच्या गावाहून दिवसाला एक बस, पावसाळ्यात तीही नाही. सोमीला नर्स व्हायचं होतं. तिच्या बापानं, लालसूभाऊनं, माझ्यासमोर तिला सांगितलं होतं, "एक डाव. पास झाली तर शिक. नाई झाली तर घरी ये, पोरगा पाहून ठेवला हाय." तेव्हा सोमीसाठी ही परीक्षा म्हणजे सगळं होतं, आणि ती हे जाणून दिवसभर पुस्तक घेऊन पडवीत बसायची.

पहिला पेपर सोमवारी. आधीच्या बुधवारी शेठचे मुनीमजी आले. गुरुजी डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले होते, म्हणून माझ्याशीच बोलले.

"शनिवार-रविवार शेठजींच्या घरी लग्न आहे. तुमच्या मोठ्या पोरी पाठवून द्या. पत्रावळी उचलायच्या, उष्टं काढायचं, भांडी घासायची. दोन दिवसांचं तर काम आहे. जेवण तिकडेच."

मी म्हटलं, "सोमवारी त्यायचा बोर्डाचा पेपर हाय."

"बाई, शेठजींनी दोन वर्षं तांदूळ दिला. काही मागितलं का? आज पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली."

खरं होतं. काही मागितलं नव्हतं. शेठ वाईट माणूस होता असंही मी म्हणणार नाही. त्याला हे मागण्यात काही वावगंच वाटलं नाही, एवढंच. पण माझी आजी लोकांच्या लग्नात उष्टं काढायची. राहिलेलं टोपलीत घालून घरी आणायची, ते खाऊन माझा बाप वाढला. आमच्या लोकांनी ते काम सोडलं तेव्हा किती घरांनी उपास काढले, पण सोडलं. त्यासाठीच तर विटा पाडल्या होत्या.

मी म्हटलं, "लगन तुमचं, उष्टं तुमचं. तुमीच काढा."

मुनीमजी चप्पल घालून निघून गेले. गुरुवारी यायचं पोतं आलं नाही. मी निरोप पाठवला तर उत्तर आलं की आता जमणार नाही.

घरात चौतीस मुली आणि चार दिवसांचा तांदूळ. परीक्षा पुढं तीन आठवडे चालणार. वसतिगृह बंद केलं तर जवळच्या मुली घरून येतील कशातरी, पण सोमी जाणार कुठं? घरी गेली तर पेपराला येणार कशी? दोन दिवस मी काहीच केलं नाही. खोटं कशाला लिहू, मला लाज वाटत होती. शनिवारी सकाळी सोमी चुलीपाशी आली आणि म्हणाली, "माय, मी जाते लग्नात भांडे घासाले. दोन दिवस अभ्यास नाई झाला तर चालते."

तिला कोणी सांगितलं माहीत नाही. मी म्हटलं, "तू पुस्तक घेऊन बस," आणि पदर खोचून पिपरटोल्याला निघाले.

तान्हाकाकी आंगणात चिंचा फोडत होती. मला पाहून तिनं दगड थांबवला नाही.

"कोण वं? शेवंता? वाट चुकलीस का?"

"नाई काकी. तांदूळ मागाले आली."

"शेठचा कडू झाला का?"

"त्यानं बंद केला."

"काऊन?"

मी सांगितलं. लग्नाचं सांगितलं, उष्ट्याचं सांगितलं. तिचा दगड थांबला.

"मंग तू काय म्हटलंस?"

"लगन तुमचं, उष्टं तुमचं, तुमीच काढा म्हटलं."

"हे बरं केलंस." तिनं एक चिंच फोडली, चिंचोके बाजूला केले. "पण तांदूळ नाई भेटत."

"काऊन काकी?"

"बंद कराले तू घरोघर गेलतीस. सुरू कराले माझ्या एकटीच्या आंगणात आलीस. मी का पंचायत हाय? चार वाजता विहारात ये. चारही वस्तीच्या बायकांले निरोप देते मी. जे सांगाचं ते सगळ्यायच्या समोर सांग."

चार वाजता विहाराच्या आंगणात पन्नासेक बायका बसल्या होत्या. मी कधी भाषण केलं नव्हतं. उभी राहिले आणि म्हटलं, "मूठ गुरुजींनं बंद नाई केली, मी केली. माझ्या हातापायाले आराम पाह्यजे होता. आता पोरी उपाशी राहाची पाळी आली."

मग एक तरुण सून म्हणाली, "आमच्या सासूबाई दोन वर्षं म्हणून राह्यल्या, आपला तांदूळ चांगला नवता म्हणून नाई घेत. आमाले तसं वाटलं."

हे मला लागलं. मी म्हटलं, "तांदूळ चांगलाच होता. मी आळशी होती."

मागून कोणीतरी म्हणालं, "हे एक खरं बोलली," आणि बायका हसल्या. माझ्या अंगावरचं ओझं तिथं थोडं उतरलं.

तान्हाकाकीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं. मूठ आजपासून सुरू. पण दर रविवारी वस्तीच्या दोन बायका वसतिगृहात येतील, गंजात डोकावतील, मुलींसोबत बसून जेवतील. आणि कोणती मुलगी राहील आणि कोणती जाईल हे त्या बायका ठरवतील. मी नाही, गुरुजी नाहीत आणि शेठ तर नाहीच. "आमचा तांदूळ, आमच्या पोरी," ती म्हणाली. "यात देणारा कोणी मोठा नाई आन खाणारी कोणी लहान नाई."

त्या संध्याकाळी मडकी रिकामीच होती, तेव्हा बायकांनी घरच्या कणगीतून पायली-पायली काढून दिला. ज्यांनी दिला त्यातल्या निम्म्या घरी चैतापर्यंत पुरेल इतकाही तांदूळ नव्हता. मला माहीत होतं, मी त्यांचे दाणे अकरा वर्षं चावले होते. मी सहसा कोणाचे आभार मानत नाही, तोंडात येत नाहीत. त्या दिवशीही मानले नाहीत. आज इथं मानते. त्यातल्या पुष्कळ जणी आता नाहीत.

सोमवारी पेपर अकराला. मुलींनी साडेनऊला जेवून निघायचं होतं. सगळा तांदूळ एका पोत्यात मिसळून आलेला, निवडायला वेळ नव्हता, आणि दोन वर्षांत हाताची सवयही मोडली होती. भात फार वाईट झाला. पाची जणींनी सगळा खाल्ला. सोमीनं दुसऱ्यांदा मागून घेतला. तीन आठवडे सगळे पेपर झाले, एकीचाही चुकला नाही.

निकाल लागला. चौघी पास झाल्या. सोमी इंग्रजीत नापास झाली.

मला आधी रागच आला, तिचा. एवढं सगळं करून नापास. ती रडली नाही. तिनं पेटी भरली आणि पडवीत बसून राहिली. रविवारी दुपारी बारा वाजता लालसूभाऊ आला. त्याची बस दोनला परत जायची. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगी नेतो, बाई. ठरलं होतं."

मला त्याला अडवायला तोंड नव्हतं. ठरलं होतंच. पण रविवार असल्यामुळं वस्तीच्या दोन बायका आल्या होत्या, आणि त्यातली एक तान्हाकाकी होती. तिनं त्याला आत बोलावून बसवलं, पाणी दिलं.

"कायच्यात नापास झाली?"

"इंग्रजीत म्हणते."

"तुले येते का इंग्रजी?"

"नाई."

"मले बी नाई. मंग आपण कोण तिले नापास म्हणणारे?"

"मी नाई म्हणत, बाई. बोर्डानं म्हटलं."

"बोर्ड तिले जेवाले घालते का?"

लालसूभाऊनं पाण्याचा घोट घेतला. त्याची मराठी मोजकीच होती, त्यात तान्हाकाकीच्या वेगापुढं कोणाचंच काही चालत नसे.

ती म्हणाली, "भाऊ, तुझी पोरगी नापास झाली, आमचा तांदूळ नाई झाला. ऑक्टोबरात पेपर पुन्हा होते. तवरक पोरगी इथी राहीन. आमी बायकायनं ठरवलं हाय."

हे तिनं तिथंच ठरवलं होतं. दुसऱ्या बाईनं लगेच मान हलवली.

लालसूभाऊनं हातातला पाण्याचा गडू खाली ठेवला. मग म्हणाला, "आमचं गाव लांब हाय. आमी त्या मुठीत नाई. फुकट खाऊन राह्यली पोरगी."

"तुले कोणी मागतलं का?"

"नाई."

"मंग?"

त्यानं सोमीकडं वळून त्यांच्या भाषेत काही विचारलं. सोमी उभी राहून बोलू लागली. तीन वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला एक शब्द कळला नाही. मधे एकदा 'बोर्ड' आलं, एकदा 'इंग्रजी', एकदा 'तांदूळ'. बाप ऐकत होता. शेवटी त्यानं तिच्या पेटीकडं पाहिलं आणि पायानं ती हळूच भिंतीकडं सरकवली.

मी ताट वाढलं. तो मुलींच्या पंगतीतच बसला, सगळं संपवलं, आणि उठून माझ्या हातात न देता हौदावर जाऊन ताट स्वतःच घासलं.

सोमी ऑक्टोबरात पास झाली. पुढं नर्सिंगला गेली, आज तिकडच्याच एका सरकारी दवाखान्यात आहे. तिचं लग्न झालं तेव्हा आम्ही चार जणी तिच्या गावी गेलो होतो आणि पहिल्या पंगतीला बसलो. हे सगळं पुढचं. त्या दिवशी लालसूभाऊ पिशवी खांद्याला लावून निघाला तेव्हा सोमी म्हणाली, "माय, बसपर्यंत जाऊन येऊ का?"

मी म्हटलं, "बस दोनले सुटते. अडीचले इथी पाह्यजेस. इंग्रजी हाय."